चार पिढ्यांचा व्हाइस

शाळेत मी कार्यानुभव शिकवत होतो. नेमणूक इतिहासाची होती, पण इतिहासाला माणसं जास्त आणि कार्यानुभवाला कुणीच नाही, म्हणून तो विषय माझ्या गळ्यात पडला आणि निवृत्त होईपर्यंत गळ्यातच राहिला. कार्यानुभव म्हणजे पोरांनी आईनं केलेली कागदाची फुलं घरून आणायची, मी त्यांवर छान असा शेरा मारायचा आणि गॅदरिंगला ती पाहुण्यांच्या टेबलावर ठेवायची. खडूची पेटी फोडण्यापलीकडं माझ्या हातांनी त्या काळात काही केल्याचं मला आठवत नाही. तरी तीसेक वर्षं मी श्रमाचं महत्त्व सांगितलं आणि सांगताना पंखा लावून घेतला.

निवृत्तीनंतर मात्र मनात आलं की आता खरंच हातानं काहीतरी करून बघावं. आमचं गाव माकणीच्या धरणापासून जवळच. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं, त्यामुळं रस्ते पट्टीनं आखल्यासारखे आणि प्रत्येक घराला बाजूची मोकळी जागा. त्या जागेत मी पत्र्याचं शेड मारलं आणि बायकोला सांगितलं, "आता मी इथं काम करणार."

"कसलं?" तिनं विचारलं.

त्याचा मी विचार केला नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी धाराशिवला जाऊन एक बेंच व्हाइस घेऊन आलो. व्हाइस म्हणजे लोखंडी जबड्यांची जोडी. दांडा फिरवला की जबडे जवळ येतात आणि मधली वस्तू आवळून धरतात. मग ती कापा, घासा, वाकवा, ती हलत नाही. आमच्याकडं जुनी माणसं त्याला शिकंजा म्हणतात. मी शिक्षक असल्यामुळं व्हाइस म्हणालो आणि तिथंच चुकलं. सरांनी व्हाइस आणला, ही बातमी संध्याकाळपर्यंत पारावर पोचली आणि रात्री जेवायच्या वेळेला विकास सोसायटीचे व्हाइस चेअरमन आमच्या दारात.

"सर, व्हाइस बदलायचं चाललंय म्हणं," ते म्हणाले. "आमाला कळालं बी न्हाय."

त्यांना शेडमध्ये नेऊन वस्तू दाखवली. त्यांनी दांडा फिरवून बघितला, जबड्यात बोट घालून बघितलं, काढून घेतलं आणि म्हणाले, "बरंय. ह्याला मतदान न्हाय." मग निवांत चहा घेऊन गेले.

तो व्हाइस फार टिकला नाही. शेजाऱ्याची वाकलेली पहार मी हौसेनं मागून घेतली, जबड्यात आवळली आणि घणाचे घाव घातले. पहार होती तशीच राहिली. व्हाइसचा जबडा मात्र काडकन तुटून माझ्या पायाशी पडला. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा होता. बीड दाब सोसतं, मार सोसत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. म्हणजे माझा पहिला कार्यानुभव.

मग मोबाइलवर शोधाशोध. एक पांढऱ्या दाढीचा परदेशी म्हातारा लोहाराचा व्हाइस दाखवत होता. त्याला लेग व्हाइस म्हणतात. त्याच्या एका जबड्याचा पाय लांबत थेट जमिनीपर्यंत जातो, त्यामुळं वरून घण मारला की मार पायातून जमिनीत उतरतो, व्हाइसला बसत नाही. ठोकून केलेलं लोखंड असतं, ते फार तर वाकतं, तुटत नाही. दोन जबड्यांच्या मध्ये स्प्रिंगचा एक पाटा असतो. पेच सैल केला की तो जबडे आपोआप उघडतो. इतकी साधी, इतकी अक्कलवान वस्तू मी त्याआधी बघितली नव्हती. भाकरी खाताना मी हे सगळं बायकोला समजावून सांगितलं.

"मग आदी ह्योच का न्हाय आणला?" ती म्हणाली.

"दुकानात मिळत नाही."

"मग कोण देणार?"

"मी करणार."

तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. त्याचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला.

आमचा तालुका लोहारा. नाव एवढं भरदार, पण आमच्या बाजूच्या चार गावांत पेटती भट्टी एक नव्हती. फाट्यावर एकाचं वेल्डिंगचं दुकान होतं, त्याचं घराणं लोहाराचं. माझाच विद्यार्थी. कार्यानुभवात त्याला नेहमी पैकीच्या पैकी, कारण त्याच्या बहिणीला कागदाचे गुलाब फार सुंदर जमायचे. मी त्याच्याकडं गेलो तेव्हा तो एका जीपवर पाण्याचा फवारा मारत होता.

"भट्टी कुठाय?" मी विचारलं.

"मोडली की सर. तिथंच तर हे वॉशिंग सेंटर टाकलंय. आता आपलं गेट, ग्रील, रेलिंग. तुमाला मोराचं डिझाइन पायजे का हंसाचं?"

"मला जबडा पायजे."

त्यानं फवारा बंद केला. "जबड्याचं डिझाइन न्हाय आपल्याकडं," तो म्हणाला.

मी मोबाइल दाखवला. त्यानं ओल्या बोटांनी व्हिडिओ मागं-पुढं केला आणि म्हणाला, "असला तर आमच्याकडंच होता. आज्याच्या येळचा. दुकानाच्या मधोमध रोवलेला."

"मग?"

"भंगारात दिला. लई जागा खात होता. सर, ऑनलाइन मागवा की एखादा, कशाला डोक्याला ताप करून घेताव?"

ठोकून देणार नाही, पण तुम्ही आणलेले तुकडे जोडून देईन, एवढ्यावर तो राजी झाला. मग मी व्हिडिओवरून कागदावर चित्र काढलं आणि भंगारवाल्याकडं फेऱ्या सुरू केल्या. ट्रॅक्टरच्या मोडक्या ट्रॉलीचा चौकोनी आख मिळाला, मनगटाएवढा जाड. त्याचे दोन जबडे होणार होते. जीपचा एक पाटा मिळाला. अडून बसला तो पेच. पेच जाड आट्यांचा पाहिजे आणि झिजलेला नको. एक दिवस भंगारवाल्यानं स्वतःहून फोन केला. ढिगाखालून त्यानं पितळी नटासकट एक लांब पेच ओढून काढला. कालव्याच्या चारीवर दार वरखाली करायला असतो तसला. ग्रीससुद्धा मूळचंच होतं.

"एवढा कोरा कसा?" मी विचारलं.

"सरकारी माल है सर," तो म्हणाला. "चारीला पाणीच आलं न्हाय, तर दार कोण फिरवणार? घ्या बिनघोर. वापरलेला माल म्या तुमाला देनार न्हाय."

कुठल्या चारीचा हे मी विचारलं नाही आणि तोही बोलला नाही. आमच्या भागातल्या सिंचनाचा मला झालेला थेट फायदा हा एवढाच.

वेल्डिंगला आठवडा गेला, कारण माझं काम तो गेटांच्या मध्येमध्ये करायचा आणि लग्नसराईमुळं मोरांना मागणी फार होती. शेवटी जबडे तयार झाले. शेडमध्ये बाभळीचा बुंधा रोवून त्याला व्हाइस पट्ट्यांनी बांधला आणि त्याच्या पायाखाली बायकोच्या जुन्या जात्याची तळी ठेवली. तळीच्या मधल्या भोकात पायाचं टोक बरोबर बसलं. वरून लाल ऑक्साइडचा हात दिला. बायको हळदीकुंकू घेऊन आली, दोन्ही जबड्यांना बोट लावलं आणि दाराशी उभी राहिली.

किती उघडतो बघावं म्हणून मी पेच सैल करत गेलो. करतच गेलो. पेच नटातून पूर्ण बाहेर आला आणि जीपच्या पाट्यानं आपली सगळी ताकद दाखवली. जबडा उडून माझ्या पोटावर बसला आणि मी जमिनीवर.

"धरतोय का?" बायकोनं दारातून विचारलं.

"अजून सोडतोयच," मी म्हणालो.

"धरायला लागला की हाक मारा," म्हणून ती आत गेली.

पाटा घासून जरा पातळ केला. मग पुन्हा तीच शेजाऱ्याची पहार आवळली. पहिला घण घातला आणि मला चमत्कारिक वाटलं. हाताला झिणझिण्या आल्या नाहीत. धाड असा आवाज न येता खोल, दबका आवाज आला आणि पायाखालची जमीन किंचित हलल्यासारखी वाटली. मार जायचा तिथं गेला होता. चार घावांत पहार सरळ झाली. मी तिथंच खाटेवर बसून बराच वेळ तिच्याकडं बघत राहिलो. एवढ्या वर्षांत आपण कशाबद्दल बोलत होतो ते आता कुठं कळतंय असं वाटलं, आणि जरा लाजही वाटली. पण ती फार वेळ टिकली नाही, कारण शेजारी पहार न्यायला आला आणि म्हणाला, "अजून जरा डावीकडं वाकडी हाय."

हळूहळू लोक यायला लागले. कुणी कोळप्याची वाकलेली फास आणायचं, कुणी तुषार संचाचा चेपलेला पाइप. मी निवृत्त असल्यामुळं माझ्या वेळेला कुणी वेळ समजत नव्हतं. कुरडयांच्या दिवसांत तर गल्लीतल्या बायकांनी शेडचा ताबाच घेतला. बायकोनं सोऱ्याला गोणपाट गुंडाळून तो जबड्यात उभा आवळला, म्हणजे चीक दाबायला दोन्ही हात मोकळे. खाली ताटं सरकवत कुरडया पडत गेल्या. मला सांगण्यात आलं की दुपारपर्यंत तिकडं फिरकू नका. लोहाराच्या व्हाइसचा हा उपयोग त्या दाढीवाल्या म्हाताऱ्याला माहीत नव्हता.

याच सुमारास माझा वेल्डर विद्यार्थी एका सकाळी दारात आला. अंगात पांढरी बंडी, डोक्याला करकरीत नवं पागोटं, खाली जीनची पँट.

"सर, व्हाइस जरा मोकळा करून द्या. रील काढायचंय."

"कशाचं?"

"आता लोकायला जुनं लई आवडायलंय. नुसत्या रेलिंगच्या रीलला कोण बगत न्हाय. म्या फक्त वरूनच दिसणार हाव, पँटचं टेन्शन घेऊ नका."

व्हाइस लालभडक दिसत होता. त्याला ते पसंत पडलं नाही. त्यानं जळकं ऑइल आणि चुलीतली राख कालवून जबड्यांना फासली, वर थोडी माती उडवली. माझं महिन्याभराचं काम दहा मिनिटांत शंभर वर्षांचं झालं. मग त्यानं गार सळई आवळली आणि हातोडा उगारला. पण गार सळईतून ठिणग्या निघेनात.

"सर, तुमी असं करा," तो म्हणाला. "ह्या पोत्याच्या मागं बसा आन् ग्रायंडर चालवा. ठिणग्या माझ्याकडं आल्या पायजेत."

मी बसलो. का बसलो ते मला नीट सांगता येणार नाही. बहुतेक गॅदरिंगच्या सवयीनं. तो हातोडा मारी, मी मागून ठिणग्या सोडी आणि बायको, तिच्याच्यानं न राहवून, मोबाइल धरून उभी होती. रील झालं तेव्हा त्यात बासरी होती, पाखरांचा आवाज होता आणि वर अक्षरं आली, "चार पिढ्यांचा वारसा, पणजोबांचा शिकंजा." एका ठिकाणी पोत्याच्या कडेला माझं कोपर दिसत होतं. ते त्यानं कापून टाकलं.

ते रील गावोगाव फिरलं. माझ्या पुण्याच्या भाच्यानं मलाच पाठवलं आणि खाली लिहिलं की मामा, बघा, तुमच्या भागात अजून अशी माणसं आहेत. मग धाराशिवच्या कुठल्याशा संस्थेनं पारंपरिक कारागिरांचा सत्कार ठेवला आणि त्यात आमच्या वेल्डरचं नाव आलं. तो पत्रिका घेऊन माझ्याकडं आला.

"सर, तुमी आलेच पायजे. तुमच्यामुळंच हाय हे सगळं."

"मग तिथं तसं सांगशील का?"

"तसं कसं सांगता येईल?" तो म्हणाला, आणि त्याचं बरोबर होतं.

मला राग आला होता. ट्रॉलीचा आख मी आणलेला, चित्र मी काढलेलं, पोटावर जबडा मी खाल्लेला, आणि शाल त्याच्या पणज्याच्या नावानं त्याला. बायकोला तसं बोललो. ती म्हणाली, "शाळेत फुलं आया करायच्या, मार्क पोरं घ्यायची आन् कौतुक तुमचं व्हायचं. तवा कोण रागावलं का?" मी इस्त्रीचा शर्ट घालून त्याच्या गाडीत बसलो.

सभागृहात मला तिसरी रांग मिळाली. सूत्रसंचालकानं आमच्या गड्याचा उल्लेख भट्टीची धग चार पिढ्या जपणारे असा केला. प्रमुख पाहुण्यांनी व्हाइसचा व्हॉइस केला आणि लोखंडालाही आवाज असतो, तो ऐकणारे कान आज उरले नाहीत, असं सांगितलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. शाल, नारळ आणि ऐरणीच्या आकाराचं प्लास्टिकचं स्मृतिचिन्ह मिळालं. उचलताना त्यानं वजन असेल अशा बेतानं हात लावला आणि ते एकदम वर आलं.

सत्काराच्या रांगेत शेवटी येरमाळ्याची एक बाई होती. खुरपी, विळे, कुऱ्हाडी करून विकणारी, येडाई देवीच्या यात्रेत तिचं मोठं दुकान लागतं. आवाज असा की माइक बाजूला सरकवला तरी चाललं असतं. शाल अंगावर पडताच तिनं घडी करून पिशवीत घातली, आणि चहाच्या वेळेला सरळ आमच्याकडं आली.

"भाऊ, तुमचा शिकंजा म्या मोबाइलवर बगितला," ती वेल्डरला म्हणाली. "तसला एक मला करून द्या. आमच्याचा पेच झिजलाय. आवळला की घसरतोय, पोरांचे हात जायचे एखाद्या दिवशी."

त्याच्या खांद्यावर शाल होती, हातात ऐरण होती, आजूबाजूला लोक होते. "देतो की ताई," तो म्हणाला.

"वेल्डिंगचा नगं. घणाच्या मारानं वेल्डिंग उकलतंय. तुमच्या हातचा, ठोकलेला पायजे. आन् चैत्री यात्रेच्या आदी."

"देतो ना," तो पुन्हा म्हणाला, पण आता आवाज जरा खाली आला होता. तिनं त्याचा नंबर घेतला, आपला दिला आणि दुसरा चहा घ्यायला गेली. तिच्या मनात शंका म्हणून नव्हती. तिनं रील जसंच्या तसं खरं मानलं होतं. शंका घेतली असती तर काहीतरी बोलून सुटता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या शेडमध्ये हजर.

"सर, तुमचाच देऊन टाकू."

"त्याला वेल्डिंग आहे."

"वरून राख लावू."

तेवढ्यात बायको बाहेर आली. "तो कुठं जायचा न्हाय. त्याच्यावर माझ्या कुरडया असतेत."

"काकू, तुमाला दुसरा करून देतो की."

"मग तो दुसरा तिलाच दे," ती म्हणाली.

या हिशेबातून त्याला वाट सापडेना. तो व्हाइसच्या पायाशी उकिडवा बसला. मग म्हणाला, "सर, आईला कळलं तर ती म्हणल, आज्याचा इकला आन् आता त्याच्या नावानं शाल घेतली. तिला अजून सांगितलं न्हाय म्या."

त्या दिवशी माझा त्याच्याबद्दलचा राग जरा उतरला.

शेवटी तो खराच ठोकून द्यायला तयार झाला आणि वॉशिंग सेंटरच्या एका कोपऱ्यात ट्रकच्या ब्रेक ड्रमची भट्टी झाली. बाभळीचा कोळसा, खालून वारा घालायला एक लहान ब्लोअर. ऐरण मात्र त्याच्या घरी होती, आई त्यावर पाण्याची घागर ठेवायची. मी मोबाइलवर बघून सांगणार आणि तो ठोकणार असं ठरलं. पहिल्याच दिवशी आख भट्टीत घातला आणि त्यातून पांढऱ्या ठिणग्या फुलबाज्यांसारख्या उडायला लागल्या. आम्ही दोघंही खूश. शेजारी धुवायला लावलेल्या गाडीचा मालकही खूश, त्याच्या गाडीवर राख बसेपर्यंत. बाहेर काढलं तर आखाचं टोक जुन्या गुळासारखं भुसभुशीत. लोखंड जळलं होतं. लोखंड जळतं हे मला ठाऊक नव्हतं आणि त्याला ठाऊक असायला हवं होतं.

"सर, तुमी मोबाइल बगा," तो म्हणाला, "म्या लोखंड बगतो."

दुसरा तुकडा वाकवताना चिरला. यावरून आमचं भांडण झालं. मी म्हणालो, गार असताना ठोकलास. तो म्हणाला, तुम्ही व्हिडिओ थांबवून दाढीवाला काय म्हणतोय ते समजावत बसलात, तोवर गार झालं. दोन दिवस आम्ही एकमेकांकडं गेलो नाही. तिसऱ्या दिवशी फाट्यावरून ठोकण्याचा आवाज आला म्हणून मी गेलो. तो एकटाच ठोकत होता. मोबाइल खिशात. एक घाव लोखंडावर, मग एक हलका टोला ऐरणीवर, पुन्हा लोखंडावर.

"तो मधला टोला कशाला?" मी विचारलं.

तो थांबला. "काय की," तो म्हणाला. "हात तसाच पडायलाय. वडील मारायचे तसं." मग त्यानं तुकडा परत भट्टीत घातला. मी ब्लोअरजवळ जाऊन बसलो.

त्याचे पहिले दोन जबडे आखूड झाले, पुढचे दोन जमले. पाय ठोकून लांबवला, खालच्या सांध्याला भोक पाडून खिळा बसवला. पेचासाठी भंगारवाला पुन्हा उपयोगी पडला. त्याच्याकडं कोऱ्या सरकारी पेचांचा तुटवडा नव्हता. सांधा एकही वेल्डिंगचा नव्हता. दिसायला तो माझ्या व्हाइसपेक्षा ओबडधोबड होता, अंगभर हातोड्याचे ठसे. मी राख लावायची का विचारलं. त्याला ते आवडलं नाही.

यात्रेच्या आधी बाई पिकअप घेऊन आली. बरोबर आणलेली जाड सळई आमच्याच भट्टीत लाल केली, जबड्यात आवळली आणि तिनं स्वतः घण घेतला. घाव घालताना ती व्हाइसकडं बघत नव्हती, जमिनीकडं बघत होती. सळई वाकली. व्हाइस जागचा हलला नाही. मग पेच सोडून जबडे मिटवले आणि उजेडाला तोंड करून फटीतून बघितलं.

"तोंड वाकडं हाय जरा," ती म्हणाली.

"घासून देतो ताई."

"ऱ्हाऊ द्या. धरतंय न्हवं. तुमच्या पणज्याचा मात्र लई सुबक होता. जुन्या माणसाचा हात येगळाच."

आमचा गडी माझ्याकडं बघू शकला नाही. मी त्याच्या पणज्याच्या वतीनं ती स्तुती घेतली आणि मान खाली घातली. खोटं सांगत नाही, आत कुठंतरी फार बरं वाटलं.

तिच्या सांगण्यावरून मग दुसरी माणसं आली. उमरग्याकडचा एक सुतार, मराठीत निम्मी कानडी मिसळून बोलणारा. यात्रेत दुकान लावणारी आणखी दोन घरं. आमच्या माणसानं या खऱ्या कामाचंही एक रील काढलं. पागोटं नाही, बासरी नाही, घामानं भिजलेला बनियन आणि नुसता ठोकण्याचा आवाज. त्याच्या नातेवाइकांशिवाय कुणी बघितलं नाही. एकानं खाली लिहिलं होतं, आधीचं ओरिजिनल होतं. संस्थेनं पुढच्या सत्काराला बोलावलं नाही, कारण तोवर त्यांनी कारागीर सोडून वृक्षमित्र धरले होते.

गेट आणि रेलिंग तो अजूनही करतो, मोरही करतो. पण आठवड्यातून दोन दिवस भट्टी पेटते आणि त्या दिवशी तो गाड्या धुवायला घेत नाही. मी सकाळीच जातो. माझं काम धरायचं. सांडशीनं तापलेला तुकडा धरून तो सांगेल तसा फिरवायचा. तो मला अजून सरच म्हणतो, फक्त मधूनमधून आवाज चढवून. बायकोला विचारलं तर ती लोकांना सांगते, फाट्यावर कामाला लागलेत.

परवा त्यानं एक जबडा पूर्ण माझ्या हातात दिला. म्हणाला, "करा सर." मी केला. तापवला, ठोकला, रंग बघून परत घातला, पुन्हा ठोकला. दुपारपर्यंत घाम गाळून पुढं ठेवला. त्यानं तो उचलला, सगळीकडून फिरवून बघितला, भिंतीकडेला त्याच्या त्या दोन आखूड जबड्यांशेजारी ठेवून दिला आणि दुसरा तुकडा भट्टीत घातला. मी सांडशी उचलली.